टाकीमागची माझी जागा

आमच्या पेणकडच्या गावात कबड्डीच्या मैदानात चपला घालून कुणी पाऊल टाकत नाही. रेषा आखायच्या आधी नारळ फुटतो. आणि जिची नजर वाईट, तिने सामना बघायचा नाही. ती वाईट नजर माझी.

दोनदा मी धाकट्या भावाची चढाई बघितली, दोन्ही वेळा त्याची पकड झाली. झालं! गावाने मला पाण्याच्या टाकीमागे बसवलं, तोंड भिंतीकडे. आधी मी चांगली भांडले, "तुमच्या पोरांत दम नाय, नि खापर माझ्यावर?" पण मी पाठ फिरवली की भाऊ जिंकायला लागला. मग माझाही विश्वास बसला, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी अंतिम सामना रोह्याला होता. भावाचा गुडघा आधीच दुखावलेला, डॉक्टरांनी खेळू नको म्हणून बजावलेलं. तरी तो टेम्पोत चढला. रोह्यातही शेजारच्या काकीने माझ्यासाठी टाकी शोधली आणि पहाऱ्याला स्वतः उभी राहिली.

शेवटची चढाई त्याची. एकच गुण हवा होता. भिंतीकडे तोंड करून मी ऐकत होते, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज मध्येच तुटला. धप्पकन कुणी पडलं. मग सगळं मैदान गप्प.

"ताय!" त्याची हाक आली.

मी वळणार, तोच काकीने दंड धरला. "बघू नको गो! हात मधल्या रेषेवर हाय त्याचा, दम आधी तुटला का ते पंच अजून बोलले नायत."

"ताय, ये गो!"

मी डोळे मिटले आणि भिंतीला कपाळ टेकवलं.

शिट्टी वाजली. ढोल, गुलाल, आरोळ्या. आम्ही जिंकलो होतो. मी धावत गेले तेव्हा तो तसाच पडलेला, गुडघा भलतीकडेच वळलेला, आणि गाव त्याच्याभोवती नाचत होतं.

"बोलावलं ना तुला," एवढंच तो म्हणाला.

आता तो लंगडतो. गाव कौतुकाने सांगतं, ताय वळली नाय म्हणून कप आला. सामना असला की मी अजून टाकीमागेच बसते. परवा तो येऊन शेजारी टेकला.

"आता मी खेळत नाय गो. वळ ना, बघ."

मला वळता आलं नाही. तो माझ्या शेजारी बसला होता, तरी वाटत होतं, वळले तर मैदानात तोच पडलेला दिसेल.