फणसाच्या गिटारीचं पॉलिश

आमच्या घरधन्यांना सगळं भोर कुंडलिक पॉलिशवाले म्हणून वळखतं. देव्हारा असू दे न्हाईतर दिवाण, चपडीचं, म्हंजी लाखेचं, पॉलिश हातानं चढवावं तर ह्यांनीच. पण माणूस असा हेकट, की इचारू नका. वाळल्याबिगर वस्तू द्यायची न्हाई म्हंजी न्हाई. शिवऱ्याच्या एका लग्नात पलंग न्यायला दारात टेम्पो आला, तर ह्यांनी तो रिकामा परत धाडला. "बोट लावलं की ठसा उठतोय," म्हणे. नवरानवरी सतरंजीवर झोपली. बाया अजून मला त्यावरनं चिडवत्यात, जसं काय म्याच सतरंजी आंथरली.

पुढं लोक तयार फर्निचर आणायला लागले आन् ह्यांचं काम आटलं. ओट्यावर बसून मोबाईलमधी दुसऱ्यांचे पलंग बघायचे. मला लई वाईट वाटायचं, पण तोंडानं म्या आपली, "उठा, दळण आणा," असंच म्हणायची.

आमची शेफाली हायवेवरच्या कंपनीत कामाला हाय आन् भोरातल्या गायन पार्टीत गिटार वाजवती, पण ती गिटार पार्टीच्या मंडळाची. एक दिवस म्हणाली, "पप्पा, मला तुमच्या हातची इलेक्ट्रिक गिटार पायजे." माझ्या माहेरी, मार्गासनीला, चिमाजीदादाच्या परसात फणस पडला हुता, त्याची फळी आणली. मोबाईलमधी बघून बापलेकीनं गिटारीचं अंग कापलं. मान वेगळी बनवली. ती अंगाच्या खाचेत बसवून स्क्रूनं आवळायची. तारा आन् इजेचं सामान तिनं पुण्यावरनं आणलं. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात हीच गिटार वाजवणार म्हणून तिनं पार्टीत सांगूनबी टाकलं. पार्टीतली पोरं हसली. "पलंगवाल्याची गिटार, झोपून वाजीव," म्हणाली. ते तिला लागलं हुतं.

मग पॉलिश सुरू झालं. फणसाचं लाकूड हळदीवानी पिवळं. हे पॉलिश पेपरनं घासायचे, कापसाची पुरचुंडी चपडीत बुडवून गोल गोल फिरवायचे, वाळू द्यायचे, परत घासायचे. धूळ बसती म्हणून दारंखिडक्या बंद. फोडणीचा धूर तेलकट असतोय म्हणून घरात फोडणीबी बंद. बिनफोडणीची डाळ गिळून माझं डोस्कं फिरलं. पण किती वर्सांनी हे काम करताना शीळ घालत हुते, म्हणून म्या फोडणीचं नाव काढलं न्हाई.

आता ह्यांची एक खोड. लाकूड कुठंच उघडं ठेवायचं न्हाई. पलंगाच्या खालच्या अंगाला कोण बघतंय? पण तितंबी ह्यांचं तेवढंच पॉलिश. "उघडं लाकूड पावसाळ्यात ओल धरतंय," म्हणायचे. तसंच गिटारीच्या खाचेतबी पॉलिशचे हातावर हात चढवले. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मान बसवायला गेले, तर ती आत जाईना. खाच पॉलिशनंच अरुंद झालेली. ह्यांनी तळव्यानं दाबली, तशी कडेला तड गेली आन् टवका उडाला.

शेफालीनं बघितलं. ओरडली असती तरी बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "राहू द्या पप्पा. उद्या मी मंडळाचीच घेते."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला ऱ्हावलं न्हाई. "अवो, खाच खरडा की."

"उघडं लाकूड..."

"आत पाऊस कुठनं पडतोय? का पोरगी नीरा नदीत उभी ऱ्हाऊन वाजवणार हाय?"

ह्यांनी गिटार पुढ्यात वढली. मग पटाशी घेतली आन् स्वताचं पॉलिश स्वताच्या हातानं खरडून काढलं. मान बसली. पण चिकटवलेल्या टवक्याचं ठिगळ दिसू नये म्हणून गिटारीच्या सगळ्या दर्शनी बाजूवरनं परत पॉलिशचा हात फिरवावा लागला. आन् असं ताजं पॉलिश आठ-पंधरा दिवस कच्चंच असतं.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला शेफाली पांढरा कुर्ता घालून निघाली. खुंटीवरच्या गिटारीकडं तिनं एकदा बघितलं. मागितली न्हाई. बापाचा सभाव तिला ठावं हाय. खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली, तर हे उठले, गिटार काढली आन् तिच्या गळ्यात घातली.

"पप्पा, कच्ची आहे ना?"

"व्हय. जा, उशीर व्हईल."

स्टेजवर पोरगी अशी वाजवत हुती की हसणारी पोरंच तिच्या तालावर माना हलवत हुती. माझ्या डोळ्यांला धारा. ह्यांचं ध्यान मात्र तिच्या उजव्या हाताखाली. हात टेकला की ह्यांचा जीव खालीवर.

सकाळी तिनं गिटार आणून पुढं ठेवली, मान खाली घालून. जितं हात टेकलेला, तितं कुर्त्याच्या बाहीची सगळी वीण पॉलिशमधी उठलेली, धागा न् धागा. "चुकलं पप्पा. घासून परत कराल का?"

ह्यांनी ती उजेडाला धरली. म्या गुमान पॉलिश पेपर आणून दिला. त्यो त्यांनी बाजूला ठेवला आन् त्या ठशावरनं हलकंच बोट फिरवलं.

"असू दे," म्हणाले. "तुजा हात हाय त्यो."