पाण्यात पाय सोडायची पायरी

निवृत्त माणसानं काय करू नये, याची यादी कुणी वेळेवर दिली असती, तर मी पैठणच्या धरणाकाठी एका खोलीचं घर बांधायला निघालो नसतो.

घर विजेच्या तारेशिवाय चालायचं होतं. छपरावर सोलर, टाकीत पावसाचं पाणी. आराखडा माझ्या भाच्याचा. तो पुण्यात आर्किटेक्ट आहे आणि खिडकीला खिडकी म्हणत नाही, 'निसर्गाशी संवाद' म्हणतो. संडासावर तो पाऊण तास बोलला.

बायकोची मागणी मात्र एका ओळीची होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, लांब चालायला मनाई. "मला पायरीवर बसून पाण्यात पाय सोडता आले पाहिजेत," ती म्हणाली. "बाकी तुम्ही मामा-भाचे काय करायचं ते करा." मी शब्द दिला. भाच्यानं तर पायरीसाठी वेगळा कागद खर्च केला.

जागा आम्ही दिवाळीनंतर पाहिली होती. त्या वर्षी धरण काठोकाठ भरलेलं, पाणी हद्दीच्या दगडाला टेकलेलं. नवरामुलगा फक्त वरातीच्या घोड्यावर पाहून मुलगी द्यावी, तसा हा प्रकार. संभाजीनगरात राहून मी वर्षानुवर्षं याच धरणाचं पाणी प्यालो. उन्हाळ्यात ते आटतं, हे दर वर्षी पेपरात वाचलं. पण आटणारं पाणी कुठल्या तरी काठापासून लांब जात असणार, एवढं काही मला सुचलं नाही.

जानेवारीत पाया खणला, तेव्हा पाणी शंभर पावलं मागं होतं. भाचा म्हणाला, तळं श्वास घेतंय. घर उभं राहिलं तोवर मार्च आला आणि तळ्यानं श्वास इतका आत ओढला, की पायरीवरून पाणी पाहायला डोळे बारीक करावे लागत. मधल्या गाळात एका शेतकऱ्याची टरबुजं होती. धरणाच्या हद्दीच्या दगडापलीकडं आम्हाला बांधता येत नव्हतं. भाच्यानं उपाय म्हणून एक लांबलचक लाकडी पूल कागदावर काढून आणला. बायकोनं तो कागद घडी घालून परत दिला.

शेवटी मी शेतकऱ्याला विचारलं, पाणी परत कधी येतं.

"पाऊस झाला तर पोळ्याच्या पुढं," तो म्हणाला. "पण सर, घर तुम्ही एका जागी ठिवलं. पाणी कुठं ऱ्हातंय एका जागी?"

त्याची राखणीची खोप चार बांबूंवर उभी होती. पाणी हटलं की चौघं जण ती उचलून खाली पाण्यालगत नेत. बायकोनं हे ऐकलं, त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवायला लावली आणि खोपीकडं गेली. तासाभरानं तिचा फोन आला.

"अहो, पाय पाण्यात आहेत. चहा इकडंच आणा."

तेव्हापासून निसर्गाशी जोडलेल्या त्या घरात मी चहा करतो आणि किटली घेऊन टरबुजांमधून किलोमीटरभर चालतो. चहा कोमट होतो. ते मला रोज सांगितलं जातं.

एप्रिलात भाचा आला. खोप पाहून 'स्थलांतरशील वास्तू' असं काहीतरी म्हणाला आणि वही काढून बसला. शेतकऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याला वही खाली ठेवायला सांगितली, कारण बायकोच्या पायांपासून पाणी पुन्हा हटलं होतं आणि चौथ्या बांबूला माणूस नव्हता.