बावन्नवरून चव्वेचाळीसवर

गेल्या मे महिन्यात बायको विजेची स्कूटर तीन किलोमीटर ढकलत घरी आली. ती परिचारिका आहे. चामोर्शीजवळच्या आमच्या घरापासून तिचं उपकेंद्र एकवीस किलोमीटर, त्यातले नऊ जंगलातले. दुपारच्या उन्हात बॅटरी तापली, आधी वेग पडला, मग गाडी थांबलीच.

"बुधवारी लसीकरण हाये," ती म्हणाली. "त्या दिवशी बंद पडली तं गाडी विकाची. मी बसनं जाईन."

बस तिकडे अकरानंतर पोचते. तोवर ऊन चढतं आणि आया लेकरं घेऊन घरी निघून जातात. हे तिलाही माहीत होतं. शेजारच्या भाऊंनी मात्र आपल्या मुलीसाठी गाडी लगेच मागून ठेवली.

स्कूटर मी निवडलेली, म्हणून मला जास्त लागलं. माठाला गुंडाळतात तसा ओला बारदाना मी सीटखालच्या बॅटरीवर टाकला.

"हे काऊन केलं जी?" तिनं तो ओढून काढला. "वायरीत पाणी गेलं तं? आमी लशीच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहितो. तुमी एक डाव तरी मोजलं का?"

मोजलं नव्हतं. राइस मिलमध्ये धानाची वजनं नोंदवत वीस वर्षं काढलेला माणूस घरी अंदाजानं चालला होता.

बॅटरीचं तापमान मोबाइलवर दिसतं. त्या दुपारपासून वहीत नोंदी सुरू केल्या. घरी आल्यावर बावन्न अंश. पत्र्याच्या शेडमध्ये लगेच चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासात पंचावन्न, आणि चार्जिंगच्या बोर्डापासून दोन हातांवर सरपणाची रास. मी तिथल्या तिथे बटण बंद केलं. गाडी कडुनिंबाखाली लावली. दोन तासांनी पंचेचाळीस, पहाटे चारला बत्तीस. तेव्हा चार्जिंग सुरू करून साडेसातला काढली, तर चौतीस.

वायरमनकडून बोर्ड शेडमधून उघड्या पडवीत हलवून घेतला. तिथे फरशीशिवाय काही नाही. उपकेंद्रात गाडी आंब्याखाली लावायचं ठरलं, पण सावली सरकते, म्हणून अकराला एकदा हलवायची. वेग चाळीसच्या आत. सोमवारी ती आली तेव्हा सत्तेचाळीस होतं आणि वाटेत वेग पडला नव्हता.

बुधवारी दोन वाजताच भाऊ येऊन पडवीत बसले.

"वहिनी ढकलत येऊन राह्यल्या असन. तीन तं वाजतेच."

"थांबा न भाऊ."

"हाओ, थांबतोच मी. गाडी न्याची हाये मले."

दोन पस्तीसला ती फाटकातून आत आली, गाडीवर बसून. मी आधी मोबाइल पाहिला. चव्वेचाळीस. बाहेरच्या हवेपेक्षा एक अंशानं कमी. आकडा मी तीनदा वाचला आणि मग मोठ्यानं सांगितला.

"सतराच्या सतरा लेकरं आले," लशीचा डबा खाली ठेवत ती म्हणाली. "भाऊ, चहा घेऊन जा. गाडी नाई भेटणार."

भाऊंनी सीटखाली हात घालून पाहिला.

"मंग पोरीसाठी नवीनच घेतो," ते म्हणाले. "पण तुमच्या वहीतलं सारं मले लिहून द्या जी."

चहा होईपर्यंत मी वेळांसकट लिहून दिलं.