भीममामांकडे ठेवलेली तुर्की वही

भीममामा गेल्याची तार पुण्याला आली आणि मी मिळेल त्या गाडीनं तंजावूर गाठलं. ओसरीवर आमचा म्हातारा पोस्टमन डोळे पुसत बसला होता. "परदेशी तिकिटांचं घर माझ्या वाट्याला एवढं एकच होतं, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. खरंच होतं ते.

मामा शाळेत भूगोल शिकवत. मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली मुलं घरात मराठी बोलत आणि लिहीत मात्र तमिळ, याची त्यांना फार खंत. पन्नास सालानंतर कधीतरी बल्गेरियाचं एक इंग्रजी मासिक त्यांच्या हाती आलं. त्यात तिथल्या एका तुर्की शाळेचा फोटो होता. तिथलं तुर्कांचं राज्य जाऊन जमाना लोटला, तरी ही माणसं आपल्या भाषेत लिहितात? मामांनी लगेच पत्र धाडलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, ते त्या शाळेतल्या हालिल नावाच्या मास्तरांचं, शब्दकोश उघडून लिहिलेल्या इंग्रजीत. ते मुलांसाठी तुर्कीत गोष्टी लिहीत.

सुरुवातीला हालिल खुशीत असत. कम्युनिस्ट सरकार तुर्की पुस्तकं छापत होतं. फक्त संपादकाला प्रत्येक गोष्टीत सामुदायिक शेती हवी असे. "माझ्या कोल्ह्यालाही सभासद व्हायला सांगतात," असं त्यांनी कळवलं, तेव्हा मामा कॉफी सांडेपर्यंत हसले. पुढे पत्रं आखूड होत गेली. तुर्की शाळा बल्गेरियन शाळांत मिसळल्या, पुस्तकं थांबत गेली... आणि एक दिवस टपालानं जाड वही आली. वरच्या चार पानांवर गणितं, आत गोष्टी. सोबत एकच ओळ: 'माझ्या कपाटात हिला जागा उरली नाही.'

मामा गंभीर झाले. "एक शब्द कळत नाही. काय करायचें हिचं?"

"ठेवायचें," तुळजामामी म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू ओटीत आलं, तर त्याची भाषा पुसतात का?"

काही वर्षांनी हालिल कुटुंबासह तुर्कस्तानात गेले आणि त्यांनी वहीची चौकशी केली. पोस्टात हरवली तर? म्हणून मामांनी आधी नक्कल करायला घेतली. लिपी रोमन, पण काही अक्षरांना खाली शेपटी, एका 'आय'वर टिंब, दुसऱ्यावर नाही. मामा सवयीनं सगळीकडे टिंबं देत. लिहिता-वाचता न येणारी मामी शेजारी बसून बोट ठेवी, "हें नको. इथें टिंब नाही." रोज दारात ठिपक्यांची रांगोळी, कोलम, काढणारी ती, एक ठिपका चुकला की अख्खी नक्षी बिघडते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दोघं भांडत, हसत महिनोन्‌महिने ती वही उतरवत राहिली. मग नक्कल घरी ठेवून मामांनी वही हालिलना धाडली, सोबत मामीच्या टिंबांचा किस्साही कळवला.

गेल्या वर्षी इस्तंबूलहून त्याच गोष्टींचं छापलेलं पुस्तक आलं. पहिल्या पानावर अर्पण होतं, तंजावूरच्या तुळजाबाईंना! मामा गल्लीभर दाखवत हिंडले, "हात दुखले माझे आणि नाव हिचं!"

त्या पुस्तकानं त्यांना चेव आला. आमच्या घरातल्या गोष्टी ते मराठीत लिहू लागले आणि दर शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना वाचून दाखवू लागले.

चौदाव्यानंतरच्या शुक्रवारीही मुलं येऊन बसली. मामीनं मामांच्या गोष्टींचे कागद माझ्या हाती दिले. मी वाचू लागले. शेवटची गोष्ट अर्ध्यावर होती... मी थांबले.

"पुढें?" एका मुलीनं विचारलं.

"पुढे मामांनी लिहिलेलं नाही गं."

"मग मी सांगतें, अक्का," म्हणत ती उभी राहिली आणि निम्म्या मराठीत, निम्म्या तमिळमध्ये तिनं गोष्ट पुढे नेली. बाकीची मुलं मध्येच ओरडून तिला दुरुस्त करत होती. मामी मनापासून हसली, कितीतरी दिवसांनी. मग आत जाऊन तिनं मामांचा टाक आणि दौत आणली, माझ्यापुढे ठेवली.

"लिहून घे," ती म्हणाली.