दोन टायमाला चारलेले सेल

आमच्या घरात जे काही पाळलं जायचं त्याला दोन वेळा खायला मिळायचं. सकाळची धार आणि संध्याकाळची धार, ह्या दोन खुंट्यांना आमचा दिवस बांधलेला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोटारसायकलीची हवा कुठं जात होती, हे मला शेवटी ह्याच सवयीतनं कळलं. पण ते कळेपर्यंत गाडी विकायला निघाली होती.

राधानगरी रोडला आमचं गाव. नव्वदनंतर, मी शाळेत असताना, आबांनी सायकल सोडून जुनी मोटारसायकल घेतली आणि धरणाच्या अंगाच्या वाड्यांवरनं दूध गोळा करून डेअरीला घालायला लागले. मागं दोन्ही बाजूंना कॅन आणि पुढं आबा. त्याच दुधावर मी कोल्हापूरला राहून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाई तर नाहीच, बाप्याही नाही. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच.

मग शाहूपुरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी लागली. गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या डोक्यावरनं आत बघायचं.

"मालक न्हाईत व्हय?"

"मी हाय की. काय पायजे पावणं?"

पाव्हणा मग नाइलाजानं जळका ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवायचा. दुसऱ्या खेपेला मात्र मलाच शोधत यायचा.

आबांच्या पायाचं आधी सांगायला हवं. गाडी काढण्याआधी ते पायताण बाजूला करायचे आणि उजव्या पायाचा अंगठा मागच्या टायरवर दाबायचे. गेज-बिज त्यांना कधी लागलं नाही. अंगठा जे सांगायचा ते पंक्चरवाल्याच्या मशीनशी जुळायचं. पुढं त्यांना शुगर निघाली. आधी पायाला मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. आबा अंगठा दाबतच राहिले, पण टायर काय म्हणतंय ते वर पोचत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी वळणावर मागचं चाक बसलं आणि गाडी लोळली. दोन्ही कॅन रस्त्यावर रिकामे झाले. आई धावत गेली तर आबा सांडलेल्या दुधात बसलेले. एका पायातलं पायताण निघून गेलंय आणि बोट फुटलंय, हे आईनं सांगितल्यावर त्यांना समजलं.

आईनं गाडीची किल्ली काढून घेतली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

"आता बास झालं. गाडी इकायची. दूध आणायला गावात दुसरी माणसं हाईत."

मी रविवारी घरी गेले तर आबा सोप्यात खांबाला टेकून बसलेले, तेही दिवसाउजेडी. मी जन्मात आबांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. येणारे-जाणारे विचारायचे, "काय आबा, आज सुट्टी?" आणि आबा भिंतीकडं बघायचे. आईचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. रस्त्यावरनं तिनं त्यांना उचललं होतं, मी नाही. पण किल्ली अशी काढून घेणं मलाही सोसेना.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पायात ताकद आहे, ब्रेक दाबता येतोय. बूट घाला, सावकाश चालवा, तळव्याच्या भरवशावर राहू नका. मग मी आईशी बोलले.

"टायरकडं मी बघते."

"शाहूपुरीत बसून बघणार व्हय?"

"व्हय. मशीन बसवते."

"बसव. पण परत एकदा जरी हवा गेली, तर मी कुणाला इचारणार न्हाय. तुलाबी न्हाय."

मशीन दुकानातच पडून होतं. दोन हजारचं दशक संपत आलेलं. मालकांनी बाहेरनं आलेल्या मालात टायरची हवा दाखवणारा एक संच घेतला होता आणि तो कुणी हातात धरत नव्हतं. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे दोन जाड सेन्सर, प्रत्येकात नाण्याएवढा एक सेल, आणि हँडलला लावायचा छोटा पडदा. सेन्सर हवेचा दाब मोजून बिनतारी पाठवतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. एवढंच.

अडचण सेलची झाली. संचातले सेल पडून पडून मेलेले होते. त्या मापाचे नवे आणले, तर तेही कुठल्या कपाटात किती वर्षं होते कोण जाणे, लगेच मान टाकायचे. म्हणून मी त्याच मापाचे चार्ज होणारे सेल मिळवले. ते सरळ घालून चालत नाही. साधा सेल तीन व्होल्टचा. हा पुरता भरला की चारच्याही वर जातो आणि सेन्सर जळू शकतो. त्यात साध्या सेलच्या मानानं पोट लहान. मी सेन्सरला झेपेल तेवढ्यावरच थांबणारा चार्जर बनवला आणि साबणाच्या डबीत बसवला. आठवडाभर तरी सेल टिकायचा. आबांना सांगितलं, "बाजारादिवशी सेल काढायचे, डबीत ठेवायचे, हिरवा दिवा लागला की परत घालायचे." आबांनी मान डोलावली. आईनं किल्ली दिली.

पुढचे काही दिवस आबांचा थाट काय सांगू. डेअरीसमोरच्या रांगेत गाडी उभी केली की माणसं पडद्याभोवती जमायची.

"काय आबा, गाडीलाबी शुगर निघाली व्हय?"

"बीपी हाय त्ये. दुधात पाणी घातलं की तुझंबी दाखवतंय."

"कितीला घेतलं?"

"इकत मिळत न्हाय. पोरीनं बसवलंय."

हे मला डेअरीतल्याच एकानं दुकानात येऊन सांगितलं. मी त्या दिवशी त्याला रेडिओची एरियल तशीच देऊन टाकली.

आणि मग हवा जायला लागली. एकदम नाही, थोडी थोडी. आबांनी भरून घेतली तरी दोन दिवसांनी आकडा खाली. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढून पाण्यात बुडवली. बुडबुडा नाही. टायरातनं हात फिरवला. खिळा नाही, काटा नाही. आबांनी त्याला बजावलं, "घरात बोलू नगंस." पण गाव केवढं? आईला संध्याकाळपर्यंत कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. गडहिंग्लजला मामाला फोन लावला. मामाला शेतावर जायला गाडी हवीच होती. येत्या सोमवारी तो येऊन घेऊन जाणार असं ठरलं.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघणार होते, पण मालकांना सांगून दुपारीच निघाले. घरी पोचल्यापोचल्या टायर तपासलं, व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली, सेन्सर घट्ट आहेत का पाहिलं. सगळं ठीक. आबा लांबनं बघत होते.

"काय सापडतंय का?"

"न्हाय अजून."

"असू दे. मामाला चांगली वाटली तर झालं." असं म्हणून ते धारेला गेले.

मी सोप्यात चहा घेऊन बसले. धार झाली. आबांनी म्हशीपुढं वैरण टाकली, हात धुतले, धोतराला पुसले आणि सरळ गाडीपाशी आले. खाली बसून त्यांनी मागचा सेन्सर फिरवून काढला. फुस्स आवाज आला. मग पुढचा काढला. पुन्हा फुस्स. खिशातनं साबणाची डबी निघाली.

"आबा, आज बाजार न्हाय."

"न्हाय की."

"मग सेल कशाला काढताय?"

"चारायला." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मलाच काही माहीत नाही. "लाईट सात वाजता जाती. त्याच्या आत त्यांचं हुतंय."

"रोज काढता?"

"सकाळच्या धारेला आणि सांजच्या धारेला. आठवड्यातनं एकदा खाऊन कोण जगतंय व्हय? पैल्या बाजारापतूर बघितलं मी. आकडा जरा उतरला. म्हटलं, उपाशी हाईत बिचारे. दोन टायमाला सुरू केलं. तरी उतरतोयच. म्हणून आता जरा जास्त येळ ठेवतोय."

मी चहा खाली ठेवला. मग पंप आणला. मागच्या टायरात हवा भरली, सेल घातला, सेन्सर बसवला, पडद्यावरचा आकडा आबांना वाचायला लावला. सेन्सर काढला, परत बसवला. काढला, बसवला. पुन्हा वाचायला लावला. आकडा खाली आलेला.

हा सेन्सर व्हॉल्व्हमधली पिन दाबून बसतो, म्हणूनच त्याला आतला दाब कळतो. पण लावताना आणि काढताना क्षणभर ती पिन उघडी राहते आणि थोडी हवा बाहेर जाते. आठवड्यातनं एकदा असं झालं तर बाजारात दोन दाब मारून विषय संपतो. रोज दोनदा झालं, तर मोटारसायकलचं टायर ते केवढं. आकडा उतरला की आबा सेल उपाशी समजून ते काढत होते, आणि काढल्यामुळं आकडा आणखी उतरत होता.

"काढताना जरा शिंकत हुतं खरं," आबा म्हणाले. "मला वाटलं, टोपणातलीच हवा असंल." त्यांनी टायरवर हात ठेवला. "म्हंजे मीच हवा काढत हुतो व्हय."

दारात आई उभी होती, हाताला पीठ. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती खवळणार. ती म्हणाली, "मला म्हातारीला कवा दोन टायमाला इचारलं न्हाई, जेवलीस काय म्हणून," आणि आत गेली. आतनं तिच्या हसण्याचा आवाज आला. मग आबाही हसले, पण उशिरानं.

सोमवारी मामा एसटीनं आला, हेल्मेट काखेत घेऊन.

"कुठं हाय गाडी, दाजी?"

आबांनी आईकडं बघितलं. आईनं चहाचा कप मामापुढं ठेवला.

"गाडी इकायची न्हाय."

"अक्का, तूच फोन केलतीस की!"

"केलता. आता सांगतोय न्हवं, न्हाय म्हणून. जेवून जा."

मामा हेल्मेट मांडीवर घेऊन जेवला. जाताना ते आबांनाच देऊन गेला.

त्यानंतर सेल बाजारादिवशीच निघायचे. किल्ली खुंटीला असायची. आबा बूट घालायला लागले, कुरकुरत का होईना. टायर पुन्हा कधी बसलं नाही.

काही वर्षांनी एका दुपारी आबा दुकानात आले. एकटे, एसटीनं. शाहूपुरीतल्या गर्दीत ते मला नेहमी थोडे बुटके वाटायचे. गिऱ्हाईक होतं म्हणून कडेला थांबले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी साबणाची डबी काउंटरवर ठेवली. आत दोन्ही सेन्सर, कापडात गुंडाळलेले.

"मामाला फोन केलाय मी. उद्या न्हेतोय गाडी."

"का? आई काय बोलली?"

"तिला अजून ठावंच न्हाय. ब्रेकवर पाय हाय का न्हाय ते खाली बघाय लागतंय आता. खाली बघायचं का रस्ता बघायचा? टायरचं तू केलंस, त्ये बेस झालं. पायाचं न्हाय हुत."

मी त्यांना काउंटरमागच्या खुर्चीवर बसवलं आणि समोरनं चहा मागवला, बिनसाखरेचा. त्यांनी तो सावकाश प्यायला. मी डबी उचलून खणात ठेवायला लागले तसे म्हणाले,

"ह्यास्नी आता काम न्हाय. मग किती दिसानं चारायचं?"

"तीन-चार महिन्यातनं एकदा."

"एवढ्यावर जगतील?"

"जगतात."

आबांनी जरा विचार केला. "बघ बाई," म्हणाले आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडं निघाले.