सोमवारपर्यंत कुलपात

दरवर्षी युहान्नुसच्या, म्हणजे शुक्रवार ते रविवार चालणाऱ्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाआधी, आमचं सगळं वार्काउस गाव सरोवराकाठी पिऊन आडवं होण्यापूर्वी, रायली हुत्तुनेन माझ्या धार लावायच्या दुकानात यायची आणि टॉवेलात गुंडाळलेले सात-आठ पुक्को टेबलावर ठेवायची. पुक्को म्हणजे आमच्याकडच्या पुरुषाचा कमरेचा सुरा, बापाकडून मुलाकडे आलेला. रायली घरोघर फिरणारी नर्स. धार लाव, सोमवारी नेते, एवढंच म्हणायची.

पहिल्या वर्षी मी तिच्यावर उखडलो. सुरे आधीच धारदार, मग चांगलं पोलाद उगाच घासून का घालवायचं? तिने शांतपणे कॉफी संपवली आणि सांगितलं, की पोलीस मारणाऱ्याला शोधतात, ती मरणाऱ्याला शोधते. तो म्हणे आधीच ओळखू येतो. मागे कधी वार झालेला, डोक्याला मार बसलेला, काम सुटलेला, एकटा पडलेला, दारूवर झोपेच्या गोळ्या घेणारा. आणि घरी पिणारे मित्रही तसलेच. खून होतो तो त्याच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्यातल्याच कुणाच्या हातून, त्याच्याच सुऱ्याने.

"सुरा दे म्हटलं तर कोण देईल?" रायली म्हणाली. "धार लावून आणते म्हटलं की देतात."

चाळीस वर्षं मी पाती पाहतोय, पण माणसाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर तिचा एकही सुरा मी चाकाला लावला नाही, नुसता खणात ठेवून कुलूप घालायचो. या बाईपुढे मी थक्क झालो होतो, आजही आहे.

तिच्या यादीत पहिलं नाव ऑस्मो पाक्कानेनचं. कागद गिरणीतून काढलेला, दोनदा भोसकला गेलेला. हा जगला की माझा सण झाला, असं ती म्हणायची.

यंदा सणाच्या आठवड्यातच रायलीचा खुबा मोडला. इस्पितळातून तिने फोनवर ऑस्मोचंच विचारलं. मी बघतो म्हणालो आणि गेलो नाही. त्याच्या दारात जाऊन काय सांगणार होतो? सरळ सांगायचं तर घाबरलो.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद करताना ऑस्मो स्वतःच आला. काखेत टॉवेल. त्यात बापाचा पुक्को होताच, शिवाय भाजीच्या सुऱ्या आणि पाव कापायचा सुराही.

"रायली आली नाही," तो म्हणाला. "धार लावायची राहिली असती."

मी पुक्कोच्या पात्यावर हळूच अंगठा टेकवला. केस उडेल अशी धार होती.

"धार गेलीय खरी," मी म्हणालो.

"आज दोघं-तिघं येणार आहेत माझ्याकडे. सोमवारपर्यंत राहू दे तुझ्याकडेच."

म्हणजे इतकी वर्षं त्याला सगळं ठाऊक होतं. मी पावती फाडली.

सोमवारी मी तासभर आधीच दुकान उघडून बसलो. दहा वाजता ऑस्मो आला. एक डोळा काळानिळा, ओठ फुटलेला, पण स्वतःच्या पायांनी.

"तीन दिवस पाव हाताने तोडून खाल्ला," तो कुरकुरला.

मी रायलीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.