गाडीचं छप्पर उतरवताना

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही, विहिरीत डोकावत नाही, गॅसची टाकी बदलायची तरी शेजारणीला हाक मारते. आणि देवानं नवरा दिला तो असा! पूर्णेला रेल्वेत होते तेव्हा डब्यांखाली सरपटत जायचे. निवृत्त झाले, पण कशाच्या तरी खाली शिरायची हौस काही गेली नाही.

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी व्हॅन आणली. आत झोपायला फळी, शेगडीपुरता ओटा, आणि नवलाईचं म्हणजे तिचं छप्पर. आतून ढकललं की ते पेटीच्या झाकणासारखं वर उचललं जायचं, भोवती जाड कापडाच्या भिंती ताणल्या जायच्या आणि माणसाला आत ताठ उभं राहता यायचं. "आता सगळा देश बघू," हे म्हणाले. देश राहिला, आम्ही येलदरीपर्यंत गेलो. धरणाजवळ मुक्काम केला, पहाटे अवकाळी सर आली आणि पाणी थेट माझ्या नाकावर. छपराच्या कडेची पन्हाळ गंजून तिची चाळण झाली होती.

परभणीतल्या डेंटिंगवाल्यानं पत्रा अंगठ्यानं दाबला, तर अंगठा आत गेला. "काकू, अख्खं छप्पर उतरवल्याबिगर वेल्डिंग व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "सहा माणसं बोलवा अन् हातावर उचला. लय जपून. बिजागऱ्या बी गंजल्यात."

सहा माणसं बोलवतील ते आमचे हे कसले! पिंगळीजवळ आमचं थोडं शेत आहे. शेजारच्या वावरात विहीर खोदायचं काम चालू होतं, आणि काठावर यारी उभी होती. यारी म्हणजे इंजिनावर चालणारी क्रेन. लोखंडी डोल विहिरीत सोडायचा, खालच्या माणसांनी मुरूम भरायचा, यारीवाल्यानं डोल वर ओढायचा, यारीचा हात गरकन फिरवायचा आणि मुरूम ढिगावर ओतायचा. दिवसभर हेच. दुपारी खोदणारी माणसं भाकरी खायला झाडाखाली बसली, तेव्हा ह्यांनी गाडी नेऊन यारीखाली लावली. विहिरीपासून दहा पावलंसुद्धा नव्हती. मी चार पावलं मागं सरले.

यारीवाला मला म्हणाला, "काकू, घाबरू नका. आमी जित्ती माणसं वर-खाली करतो. छप्पर काय चीज हाय!"

हे ऐकून धीर येईल का कुणाला? मी आणखीनच गारठले.

बेत असा ठरला. छपराला चार पट्टे बांधायचे. यारीनं ते फक्त वीतभर उचलून थांबायचं. हे गाडीच्या आत. कापड सुटं करायचं आणि मागच्या बिजागरीचा एक गंजलेला बोल्ट राहिला होता, तो काढायचा. मग हे बाहेर येणार आणि नंतरच छप्पर बाजूला घ्यायचं.

"अहो, बाहेरूनच करा की काय ते," मी म्हणाले.

"बाहेरून बोल्ट दिसत न्हाई. तू आपली लांब थांब."

"तुमचं डोकं त्याच्या खाली येतंय, कळतंय का?"

"वीतभर तर उचलायलाय. तुला कुठंबी मरणच दिसतं."

हो, दिसतं! गुडघे धरत उठणारा माणूस पाना घेऊन टांगलेल्या पत्र्याखाली शिरत असेल तर मला दुसरं काय दिसणार? जीव मुठीत धरून मी उभी राहिले. इंजिन धडधडायला लागलं. पट्टे ताणले गेले. छप्पर करकरलं, वीतभर उचललं आणि थांबलं. फटीतून ह्यांचं टक्कल दिसत होतं. मी श्वास सोडला.

आणि यारीवाल्याचा हात फिरला.

वर आलं की फिरवायचं, वीस वर्षं तो हेच करत आलेला. विहिरीत डोल सुटला की खालचा माणूस आपला आपण भिंतीला चिकटून बसतो, त्यामुळे वरच्याला खाली बघायची सवयच नसते. छप्पर आडवं ओढलं गेलं. मागचा बोल्ट अजून धरून होता. गाडी एका अंगाला कलली, विहिरीच्या अंगाला. मी ओरडले पण इंजिनापुढं काय ऐकू जाणार? कडाकड करत बिजागरी तुटली, एक पट्टा निसटला आणि अख्खं छप्पर तिरकं होऊन धाडकन गाडीवर आदळलं. टक्कल दिसेनासं झालं.

यारीवाल्यानं इंजिन बंद केलं. गाडीतून हूं नाही की चूं नाही.

"अहो!" मी ओरडले. "अहो!" यारीवाला वळून माझ्याकडे बघायला लागला, भाकरी टाकून धावत आलेले दोघेही बघायला लागले. बघतील नाही तर काय, अहो तर सगळेच असतात. तेव्हा काय झालं माझं मला कळलं नाही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच, तेही पुढं राव लावून. त्या दुपारी मी ह्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव. घसा फाटेपर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा.

ओ आली नाही.

मी ढेकळांतच बसले. संपलं सगळं, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या तिघांनी खांदे लावून छप्पर उचललं आणि पलीकडे लोटलं. हातानंच उचललं, बघा! ओटा आणि फळीच्या मधल्या सांदीत हे पडले होते. कोपर खरचटलेलं, डोळे टक्क उघडे, तळहात तोंडावर गच्च दाबलेला.

"बोला की हो! मुके झालात का?" मी त्यांना हलवलं, शिव्या घातल्या, पदरानं तोंड पुसलं. यारीवाला हात जोडून "हात आपोआप फिरला, काकू" म्हणत रडत होता. छप्पर वावरात उताणं पडलं होतं आणि गंजाचे पोपडे ढेकळांवर विखुरले होते.

संध्याकाळी चहा पुढं ठेवला, तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"तू हाक मारली ती ऐकली मी. तिन्ही वेळा."

"मग ओ का दिली नाही? माझा जीव जायचा राहिला!"

"मला वाटलं, आई हाय. नुसत्या नावानं हाक मारणारं आता कोण उरलंय मला? आई गेली, दादा गेला. अंधारात नाव ऐकलं अन् वाटलं, न्यायला आली. ओ दिली की गेलोच. म्हणून तोंड दाबून पडलो." कपबशी खाली ठेवून म्हणाले, "लय भ्यालो गं."

त्रेचाळीस वर्षांत हा माणूस भ्यालो म्हणालेला मी ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं. "आई नव्हती हो ती. मी होते."

"मग नावानं हाक मारत जा की अधूनमधून. म्हणजे पुढच्या वेळी वळखीन."

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं, पण बाहेर काही पडेना.

"अहो," मी म्हणाले, "चहा निवायलाय."